मामांना वाहिलेली श्रद्धांजली आणि मेलेला माणूस उठतो का

आमच्या मामांच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर २०१९ च्या जुलैमधला एक मेसेज अजून तसाच आहे. फेटा बांधलेला मामांचा फोटो, दोन्ही बाजूंना समया, खाली "भावपूर्ण श्रद्धांजली". त्याखाली चाळीसेक लोकांचे जोडलेले हात. आणि सगळ्यात खाली, बारा दिवसांनंतर, खुद्द मामांनी टाईप केलेलं "आभारी आहे".

ग्रुपच्या ॲडमिनला तो मेसेज डिलीट करायचा होता, मामांनी करू दिला नाही. म्हणाले राहू दे, कोण कोण रडलं ते तरी कळतंय.

चमत्कारांवर लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं, पण सुरुवात कुठून करावी कळत नव्हतं, म्हणून मामांपासूनच करतो. कारण आमच्या पंचक्रोशीत आजही कुणी "मेलेला माणूस उठत नसतो" असं म्हटलं की दुसरा लगेच मामांच्या घराकडे बोट दाखवतो.

झालं असं की पेरण्या उरकल्या होत्या, उकाडा मरणाचा, लाइट नेहमीप्रमाणे गेलेली, म्हणून मामा ओसरीत सतरंजी टाकून खाली झोपले. पहाटे पोटात दुखायला लागलं. मामीने ओवा दिला. मग म्हणाले घसा धरलाय, गिळता येईना, पापण्या वर होईनात, मामीला वाटलं रात्रभर झोप नाही म्हणून असेल. साडेसातपर्यंत बोलणं बोबडं झालं. तालुक्याच्या एका दवाखान्यात नेलं, तिथे लकवा म्हणाले आणि पुढे पाठवून दिलं. वाटेत श्वास अडकायला लागला, तर ॲम्ब्युलन्समधल्या पोराने तोंडावर मास्क धरून तो रबरी फुगा दाबत दाबत शहरापर्यंत आणलं, त्या पोराचं नाव आम्हाला आजपर्यंत माहीत नाही. शहरातल्या हॉस्पिटलात गेल्या गेल्या व्हेंटिलेटर. दुसऱ्या दिवशी एका डॉक्टरांनी डोळ्यात टॉर्च मारून बघितली, बाहुल्या मोठ्या झालेल्या, उजेडाला हलेनात, चिमटा काढला तरी काही नाही. ते म्हणाले, मेंदू गेल्यासारखा दिसतोय, जवळच्या लोकांना बोलावून घ्या.

आता हे वाक्य नीट बघा. "गेल्यासारखा दिसतोय". आयसीयूच्या दारातून ते बाहेरच्या बाकड्यापर्यंत आलं तोवर "गेल्यात जमा" झालं, बाकड्यावरून फोनवर गेलं तेव्हा "गेले" झालं, आणि अर्ध्या तासात समया लागल्या. मी पुण्याहून निघालो होतो, शिरूरच्या अलीकडे एसटीत तो मेसेज बघितला आणि खिडकीकडे तोंड करून रडत आलो. पोचलो तर मामा आहेत! मशीनवर का होईना, पण छातीचा भाता हलतोय, मॉनिटरवर ठोके पडतायत.

त्या रात्री ड्युटीवर एक पोरगेली रेसिडेंट डॉक्टर होती, मराठवाड्याकडची असावी बोलण्यावरून. फाईल चाळता चाळता तिने मामीला एकच प्रश्न विचारला, "झोपले कुठं होते हो, खाटंवर का खाली?"

खाली म्हटल्यावर तिचा चेहराच बदलला.

मण्यार. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, नाग चावला की कळतं, घोणस चावली की पाय सुजून खांबाएवढा होतो, पण मण्यार रात्री अंथरुणात शिरते आणि चावते तेव्हा मुंगी चावल्याएवढंही दुखत नाही, दाताच्या खुणा कधी कधी सापडतसुद्धा नाहीत. सकाळी पोटदुखी, मग पापण्या पडतात, मग गिळणं, मग श्वास. तिचं विष नसेच्या टोकावर, जिथून स्नायूला हुकूम सुटतो ना तिथेच, काम करतं. मेंदू ठणठणीत असतो पण त्याचा हुकूम कुठेच पोचत नाही. पापणी नाही, बोट नाही, बाहुलीसुद्धा नाही. बाहेरून बघणाऱ्याला मढं दिसतं आणि आत माणूस जागा असतो.

प्रतिविष दिलं, पण ते उशिरा दिलं की झालेलं नुकसान भरून निघत नाही, नसांची टोकं पुन्हा तयार होईपर्यंत वाट बघावी लागते आणि तोवर श्वास मशीनने द्यायचा, बस एवढंच. सहाव्या दिवशी पायाचा अंगठा हलला. नवव्या दिवशी नळी काढली. आणि आवाज फुटल्यावर मामांनी पहिलं काय विचारलं असेल, तर विहिरीवरच्या मोटारीचं कुणी काय ठरवलं! कारण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या उशाशी उभे राहून आमचे दोन नातेवाईक मोटार, बांधावरची चिंच आणि सोसायटीचं कर्ज ह्याच्यावर हलक्या आवाजात बोलत होते आणि मामांनी शब्दन् शब्द ऐकला होता. ते दोघं त्यानंतर वर्षभर आमच्याकडे फिरकले नाहीत.

गावात मात्र ह्या सगळ्याची एक वेगळीच गोष्ट तयार झाली. मामीने मारुतीला साकडं घातलं होतं ते खरं आहे. शेजारच्या वाडीतला देवरुषी म्हणतो, मी इकडे दोरा बांधला त्याच घटकेला तिकडे बोट हललं. "डॉक्टरांनी मेलेला म्हणून सांगितला होता, देवानं उठवला." गोष्टीत त्या रेसिडेंट मुलीला जागा नाही, फुगा दाबणाऱ्या पोराला तर नाहीच नाही.

मला राग यायचा आधी. आता तेवढा येत नाही, कारण मी मुळात नेवाशाच्या बाजूचा माणूस आहे आणि मेलेल्याला उठवण्याच्या गोष्टीवरच आमचं बालपण गेलंय.

प्रवरेकाठी नेवाशात तो पैसाचा खांब आहे, ज्याला टेकून माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली. ती लिहून कुणी घेतली, तर सच्चिदानंदबाबांनी. कीर्तनात ही गोष्ट येते तेव्हा टाळकरीसुद्धा थांबतात. बाबांचं प्रेत नदीकडे चाललंय, बायको सती जायला निघालीय, वाटेत ज्ञानेश्वर बसलेले, ती पाया पडते, तोंडून सौभाग्याचा आशीर्वाद निघून जातो. मग चूक लक्षात येते, ज्ञानदेव विचारतात नाव काय ह्यांचं. सच्चिदानंद. मग बुवा आवाज चढवून विचारतात, अहो सत् चित् आनंद कधी मरत असतो काय! आणि प्रेत उठून बसतं, पखवाज घुमतो, आमची आज्जी डोळ्याला पदर लावते. दरवर्षी, त्याच जागी.

मोठा झाल्यावर मी ज्ञानेश्वरीचा शेवट काढून बघितला. तिथे शके १२१२ आहे, म्हणजे इसवी सन १२९०, आणि सच्चिदानंदबाबा आदराने लेखक झाले एवढंच आहे. मेले होते, उठवले, ह्यातलं काहीही नाही. म्हणजे बघा, ज्या माणसाला मरणातून परत आणलं त्याचाच उल्लेख आहे, तोही जवळजवळ त्याच्याच हातचा, आणि सगळ्यात मोठी गोष्ट राहून गेली? संतचरित्रं लिहिणारे महिपती आमच्याच जिल्ह्यातले, राहुरीकडच्या ताहाराबादचे, पण ते अठराव्या शतकातले, मधे पावणेपाचशे वर्षं गेली. एवढ्या काळात काय काय होतं ते मी सांगायला नको, आमच्याकडे "गेल्यासारखा दिसतोय" चं "गेले" व्हायला अर्धा तास लागला होता.

बाकी तुकोबांनी एका अभंगात स्वतःच सांगून टाकलंय की मला जडीबुटी नि उठाउठी चमत्कार दाखवता येत नाहीत, मी कीर्तन करतो. तरी त्यांच्याही नावावर लोकांनी ढीगभर चमत्कार चढवलेच.

मग मला एक नाद लागला. मेलेला उठल्याची कुठलीही गोष्ट ऐकली की उठवलं कोणी हे बाजूला ठेवून आधी विचारायचं, मेला हे ठरवलं कोणी? काय बघून ठरवलं? किती वेळ बघितलं?

शिर्डीची गोष्ट घ्या. १८८६ साली साईबाबांनी म्हाळसापतींना सांगितलं की मी तीन दिवस जातोय, शरीर सांभाळ, नाही आलो तर अमुक जागी पुरा. श्वास थांबला, नाडी लागेना. गावातले अधिकारी जमले, पंचनामा झाला, पुरायचं ठरलं. म्हाळसापती मांडीवर डोकं घेऊन बसले ते बसलेच, हलले नाहीत, कुणाला हात लावू दिला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे श्वास सुरू झाला. आता हा योगसामर्थ्याचा भाग होता की अजून काही, मी बोलणारा कोण, पण मला त्या गोष्टीत बाबांपेक्षाही म्हाळसापतीच दिसतात. पंचनाम्यावर विश्वास ठेवला असता तर गोष्ट १८८६ मध्येच संपली असती, शिर्डी आज एक साधं खेडं असतं.

जुन्या लोकांना ही भीती होतीच की. नाकाशी सूत धरायचे, हलतंय का बघायला. म्हणजे अख्खा निकाल एका दोऱ्यावर! भर पावसात, कंदिलाच्या उजेडात, आणि समोर मण्यार चावलेला माणूस. किती जणांना अशी आग दिली गेली असेल, विचार केला तरी पोटात गोळा येतो.

वसईचा माझा एक मित्र आहे, कॅथलिक, कॉलेजपासूनचा. त्याच्याशी ईस्टरच्या आसपास हा वाद ठरलेला. मी त्याला म्हटलं, तुमच्या शुभवर्तमानातच बघ ना, याइराची मुलगी मेली म्हणून घरात आक्रोश चाललाय आणि येशू काय म्हणतो, तर मुलगी मेलेली नाही, झोपलीय. आणि लोक त्याला हसतात! म्हणजे खुद्द येशूच मरणाच्या निकालावर शंका घेतोय. मित्र म्हणाला, हुशार आहेस, मग येशूने कबरीतून उठवलेल्या लाजरचं काय करशील? तिथे मुद्दाम लिहिलंय की चार दिवस झाले होते, बहीण म्हणते आता दुर्गंधी येत असेल. तुझ्यासारखे लोक पुढे येणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं रे, म्हणून चार दिवस. मला ह्याच्यावर उत्तर सुचलं नाही, खरं सांगतो. गोष्ट खरी की खोटी ते सोडा, पण "बेशुद्ध असेल हो" ही पळवाट बंद करूनच ती सांगितलीय.

आणि त्याने अजून एक सांगितलं जे मला आधी नीट कळलं नव्हतं. लाजर उठला तरी पुढे कधीतरी म्हातारा होऊन मेलाच असणार, आपले सच्चिदानंदबाबाही गेलेच. येशूचं पुनरुत्थान त्यांच्या लेखी तसं नाही, तो परत मरण्यासाठी उठलेला नाही. त्यांचा सगळा धर्म ह्या एका गोष्टीवर उभा आहे, बायबलातल्या पौलाने तर लिहूनच ठेवलंय की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा विश्वास व्यर्थ. मित्र म्हणाला, तुझ्या मॉनिटरला हे मोजता येणार नाही, तू नाही मान किंवा मान, पण मामांच्या केसमध्ये टाकू नको. ठीक आहे, नाही टाकत. मी मानत नाही, तो मानतो, जेवायला आम्ही एकत्रच बसतो आणि त्याच्या आईच्या हातच्या इंदेलाबद्दल आमचं पूर्ण एकमत आहे.

स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूम नावाच्या तत्त्वज्ञाने १७४८ साली ह्या भानगडीवर एक कसोटी दिली. कुणी सांगितलं मेलेला उठला, तर दोन्ही पारडी बघा, माणूस खरंच उठला असण्याची शक्यता जास्त की सांगणारा फसला किंवा फसवतोय ह्याची? ज्याची शक्यता जास्त ते धरा. मला ही कसोटी पटते, रोज व्हॉट्सॲपवर वापरतो. पण ह्यूमनेच तिथे एका हिंदुस्थानी राजाचं उदाहरण दिलंय, थंडीने पाणी दगडासारखं घट्ट होतं हे त्या राजाला पटेचना, कारण आयुष्यात बघितलेलंच नाही. ह्यूम म्हणतो राजाचा विचार बरोबरच होता. आणि तरी बर्फ खराच होता की हो! हे वाचल्यापासून मी "अशक्य" हा शब्द जरा जपून वापरतो.

बर्फावरूनच. १९९९ च्या मे महिन्यात नॉर्वेच्या उत्तरेला एक तरुण डॉक्टर बाई स्की करताना गोठलेल्या ओढ्यात पडली आणि बर्फाखाली अडकली. ८० मिनिटं पाण्यात. बाहेर काढली तेव्हा श्वास नाही, हृदय बंद, आणि अंगाचं तापमान उतरत उतरत १३.७ अंशांवर गेलेलं. हेलिकॉप्टरने ट्रॉम्सोच्या हॉस्पिटलात नेली, रक्त बाहेर काढून मशीनमधून गरम करून परत आत सोडलं, शंभराहून जास्त डॉक्टर नि नर्स नऊ तास झटत होते. हृदय सुरू झालं. बरेच महिने अंग लुळं होतं पण ती बरी झाली आणि पुढे त्याच हॉस्पिटलात कामाला लागली! कारण शरीर थंड पडत गेलं की मेंदूची ऑक्सिजनची भूक कमी होत जाते, एरवी रक्त थांबल्यावर चार-पाच मिनिटांत मेंदूची नासाडी सुरू होते, तिच्या बाबतीत ती होण्याआधी मेंदू गारठला होता. डॉक्टर लोकांत म्हणूनच म्हणतात की गार माणसाला मेलेला म्हणायचं नाही, आधी गरम करा मग ठरवा.

आमच्या आज्जीला ही बातमी सांगितली असती तर ती म्हणाली असती, बघ, मी सांगत नव्हते?

म्हणजे रेघ सरकतेय. आधी श्वास थांबला की माणूस मेला. १९६० च्या सुमाराला छाती दाबून हृदय चालू ठेवता येतं हे नीट कळलं, तेव्हा रेघ पुढे सरकली. तिकडे व्हेंटिलेटरमुळे हृदय चालू आणि मेंदू संपलेला असंही व्हायला लागलं, म्हणून नवीन व्याख्या करावी लागली. आपल्याकडे १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात ती आली, चार डॉक्टरांचं पॅनेल, सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी, आणि त्याआधी विष, औषधाचा अंमल, थंडी ह्यातलं काही नाही ना ह्याची खात्री करायची. मामांच्या वेळी एका टॉर्चवर जे बोललं गेलं ते ह्यातल्या कशातच बसत नव्हतं, कायद्याप्रमाणे तपासणी झालीच नव्हती. आणि असं पूर्ण तपासून ब्रेन डेड ठरवलेल्या माणसाचे सुद्धा कधी कधी हात आपोआप उचलून छातीवर येतात, तो मणक्याचा खेळ असतो, त्यालाही नाव लाजरचंच दिलंय. नातेवाइकांनी ते बघितलं तर काय वाटत असेल त्यांना? कुणी समजावून सांगणार, आणि कोण ऐकणार.

छाती दाबणं थांबवल्यावर काही मिनिटांनी हृदय आपलं आपण सुरू झाल्याच्या केसेसही जगभर नोंदलेल्या आहेत, त्यामुळे थांबल्यावरही दहा मिनिटं मॉनिटर बघत राहा असा सल्ला देतात. २०२५ च्या सुरुवातीला कोल्हापूरकडची बातमी तुम्हीही वाचली असेल, मृत म्हणून घरी नेत असलेल्या आजोबांची बोटं ॲम्ब्युलन्सला स्पीडब्रेकरचा दणका बसल्यावर हलली, परत दवाखान्यात नेलं, बरे होऊन चालत घरी आले. लोकांनी खड्ड्यांवर आणि पीडब्ल्यूडीवर इतके जोक मारले की विचारू नका. पण मला त्यात एकच बाई किंवा बुवा दिसतो, ज्याची नजर त्या वेळी बोटांवर होती.

आता देवरुष्याचं गणित सांगतो, कारण त्याच्या यशाचं मला कायम कोडं होतं. कुणाला "पान लागलं", म्हणजे साप चावला, की आमच्याकडे आधी देवळात, कडुनिंबाचा पाला चावायला द्यायचा, कडू लागला तर विष चढलं नाही, गोड लागला तर चढलं. आणि दहातले बरेच जण तिथून चालत घरी जातात! कारण आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी, धामण, दिवड, तस्कर, आणि तो कवड्या तर हुबेहूब मण्यारीसारखा दिसतो. विषारी साप चावला तरी काही वेळा विष सोडतच नाही. ते सगळे देवरुष्याच्या खात्यात जमा. जे खरे विषाचे असतात ते मरतात, आणि मेलेला माणूस जाहिरात करत नाही, त्याच्या घरचे म्हणतात आयुष्यच तेवढं होतं. २००० ते २०१९ मध्ये देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे, वर्षाला ५८ हजारांच्या आसपास. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला आणि त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे हे किती जणांना माहितीय? आमच्या वाडीतल्याला तरी नाही. मी सांगितलं तर म्हणाला, मी कुठं अडवलं, ते तर लांब शहरात होते, मी इथूनच उतरवलं.

आणि कोकणात महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचवाचं जे केलं ते बघा. लाल विंचू चावलेली धडधाकट पोरं डोळ्यांदेखत जायची, त्यांनी रात्र रात्र उशाशी बसून काय होतंय ते टिपलं, आणि ब्लड प्रेशरची एक साधी, स्वस्त गोळी लागू पडते हे दाखवून दिलं. ही पण संजीवनीच की. फक्त तिला द्रोणागिरी उचलावा लागत नाही, म्हणून तिच्यावर आरती नाही.

तर होतात का चमत्कार? माझं म्हणणं विचाराल तर, ज्याचं शरीर खरंच कुजायला लागलंय असा माणूस परत आल्याची एकही गोष्ट मला अशी सापडली नाही की जिच्यावर मी चार पैसे लावीन. जे परत आले ते गेलेले नव्हते. पण "गेलेले नव्हते" हे कळायला कुणीतरी थांबावं लागलं, प्रत्येक वेळी. २०१९ मध्येच अमेरिकेत कत्तलखान्यातल्या डुकरांच्या मेंदूंवर प्रयोग झाला, मरून चार तास झालेल्या मेंदूतल्या काही पेशी पुन्हा थोड्याफार कामाला लागल्या, शुद्ध वगैरे अजिबात नाही, पण पेशी लागल्या कामाला. म्हणजे रेघ उद्या अजून कुठे असेल, मी पैज लावणार नाही.

मामीला ह्यातलं काही पडलेलं नाही. तिने नवस फेडला, मारुतीला अकरा नारळ, आणि ते डोक्यावर घेऊन टेकडी चढलो मीच. वर पोचल्यावर दम लागलेला बघून म्हणाली, "मानत नाय म्हणतो ना, मग घाम का आला?" त्या रेसिडेंट डॉक्टरला पण तिने पायलीभर बाजरी आणि घरचं तूप पाठवलं, ते मात्र गावात कुणाला सांगितलं नाही. मामा आता खाटेवर झोपतात, मच्छरदाणी चारी बाजूंनी खोचलेली, उशाशी टॉर्च.

एकादशीच्या कीर्तनाला जातात. बुवा नेवाशाच्या गोष्टीवर आले, प्रेत उठून बसलं, की अख्खा मंडप मान वळवून मामांकडे बघतो. मामा मान खाली घालून टाळ वाजवत राहतात.